ताटातलं डोकं

सुलभा सामंतने हेडमास्तरांच्या टोपीवर म्हैस बसवली ती काही मुद्दाम नव्हे. तिच्या कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काचेची एक बारीक खिडकी होती. एक फोटो काढून झाला की बाजूची चकती पिळायची, खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचं आणि मगच दुसरा फोटो काढायचा. त्या रविवारी ती दमणगंगेवर डुंबणाऱ्या म्हशींचे फोटो काढत बसली होती. शेवटची म्हैस टिपली आणि चकती पिळायची राहून गेली. सोमवारी शाळेत हेडमास्तर विश्वनाथ दामले सातवीच्या वर्गाबरोबर फोटोला उभे राहिले. छाती पुढे, हात मागे, मान ताठ. सुलभाने कळ दाबली, आणि म्हैस नि दामले एकाच चौकटीत जाऊन बसले.

ही गोष्ट सन पासष्टच्या जानेवारीतली. पोर्तुगीज जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि सिल्वासात जो तो कुठून तरी आलेला होता. मोजणीवाले पुण्याचे, दवाखान्यातले सुरतेचे, मास्तर-मास्तरणी मुंबईच्या नाहीतर कोकणातल्या. सुलभा कुडाळची. वय सत्तावीस, डोळ्यांना जाड चष्मा, शिकवायला विज्ञान आणि चित्रकला. चर्चच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं, त्यात ती आणि उषाताई कर्णिक राहायच्या. उषाताई गिरगावच्या, वयाने शेहेचाळीसच्या, विधवा, शाळेत गणित शिकवायच्या. मुली त्यांना इतक्या भ्यायच्या, की त्या व्हरांड्यातून गेल्या तरी पाढे आपोआप सुरू व्हायचे.

स्वयंपाकघरामागे बिनखिडकीची एक कोठी होती. कॅमेरा वापीच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून घेतला त्याच महिन्यात सुलभाने ती कोठी आपल्या ताब्यात घेतली. दाराच्या फटी घोंगडीने बुजवल्या, टॉर्चला पतंगाचा लाल कागद बांधला, आणि जेवणाच्या तीन ताटल्यांतून रसायनं ओतली. तिथे ती आपले फोटो आपणच धुवायची. उषाताई सुरुवातीला कुरकुरायच्या, की वरणाला त्या हायपोचा, फोटो धुवायच्या रसायनाचा, वास येतो. पुढे त्याही दाराशी येऊन विचारायला लागल्या, "काय निघालं गं आज?"

त्या सोमवारी पांढऱ्या कागदावर आधी दामल्यांचे बूट उमटले. मग धोतर. मग कोट. मग टोपीच्या जागी दोन शिंगं, त्यांच्याखाली ओलं चमकणारं नाक, आणि सगळ्या सातवीच्या वर्गाच्या गुडघ्यांपर्यंत दमणगंगेचं पाणी. मुली मात्र गंभीर चेहऱ्याने समोर पाहत होत्या, जणू हेडमास्तरांना म्हैस फुटणं हे वेळापत्रकातच होतं.

सुलभाने उषाताईंचा हात धरून त्यांना आत ओढलं. उषाताईंनी चष्मा पुसला, खाली वाकून पाहिलं, आणि मग तांदळाच्या डब्यावर बैठक मारून ज्या हसायला लागल्या, त्या डबा कलंडला तरी थांबल्या नाहीत. त्यांना असं हसताना सुलभाने तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हे दाखवायचं नाही हं त्यांना," उषाताई डोळे पुसत म्हणाल्या.

"पण फोटो मागितलाय त्यांनी. उद्या द्यायचाय."

दुसऱ्या दिवशी सुलभाने सगळं खरं सांगितलं आणि फोटो टेबलावर ठेवला. दामल्यांनी तो बराच वेळ न्याहाळला. मिशी हलली नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हैस कुणाची?"

"माहीत नाही, सर. नरोलीकडच्या काठावर होती."

"चांगली आली आहे," दामले म्हणाले, "माझ्यापेक्षा." आणि फोटो खणात ठेवून त्यांनी खणाला कुलूप लावलं. वर्गाचा फोटो पुन्हा काढायला सांगितला. पण त्यानंतर महिनाभर शाळेत कुणी पाहुणा आला, की चहा झाल्यावर ते किल्ली शोधायला लागायचे.

इथून सुलभाला जे वेड लागलं त्याला काही धरबंध उरला नाही. चूक होऊन असं होतं, तर ठरवून काय काय होईल! काळ्या कापडासमोर जे काळ्यात गुंडाळलं ते फोटोत येत नाही, आणि भिंगाची अर्धी बाजू काळ्या कागदाने झाकली तर त्या अर्ध्या चौकटीत नंतर दुसरं काहीही भरता येतं. एवढ्या दोन गोष्टी तिला कळल्या, आणि सिल्वासातली एकही वस्तू तिच्या हातून सुटली नाही. चर्चचा मनोरा तिने चहाच्या कपात उभा केला. ताडाच्या झाडाला ताडगोळ्यांच्या जागी शाळेतल्या घंटा लटकवल्या. उषाताई तर अशा काही तयार झाल्या, की शनिवारी शाळा सुटली की स्वतःच विचारायच्या, "आज मला कशात घालणार?" एका फोटोत त्या तांब्यातून अर्ध्या बाहेर येऊन लाटणं घेऊन उभ्या होत्या. दुसऱ्यात त्यांच्या पदराखालून नदी वाहत होती, आणि नदीत एक होडी. होडीतला माणूस त्यांच्याकडे बघून हात जोडत होता. तो खरं म्हणजे पलीकडे जाणाऱ्या उतारूंना हात करत होता, पण फोटोत तसं दिसलं खरं. काळ्या-पांढऱ्या कागदावर सगळंच खरं वाटायचं. रंग असता तर कुठे तरी पकडलं गेलं असतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कुडाळहून दादाचं पत्र आलं. दादा म्हणजे सुलभाचा थोरला भाऊ नारायण. बाजारपेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं, आणि वडलांच्या पाठीमागे बहिणीचं लग्न हे त्याने दुकानाइतकंच मनावर घेतलं होतं. पत्रात लिहिलं होतं, की तेंडोलकरांचं स्थळ आहे. मुलगा सुधाकर, वय तीस, मुंबईत जमीन मोजणीच्या खात्यात नकाशे काढतो. माणसं चांगली. नीट फोटो धाड. खाली 'नीट' या शब्दाला दोन रेघा मारल्या होत्या.

सुलभाने पत्र दोनदा वाचलं आणि पेटी उघडली. पेटीत तिचे पाच नीट फोटो होते. चार वर्षांत पाच घरांतून परत आलेले. प्रत्येकाच्या मागे दादाने प्रामाणिकपणे त्यांचं उत्तर लिहून ठेवलेलं. 'वर्ण सावळा.' 'चष्मा.' 'चेहरा उग्र वाटतो.' 'नोकरी सोडणार का?' आणि पाचव्याच्या मागे नुसतं 'उंची'. उंची जास्त की कमी, ते काही कळायला मार्ग नव्हता.

"उषाताई," ती म्हणाली, "यांना नेमकं बघायचं असतं काय हो?"

"डोकं सोडून सगळं," उषाताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

हळूहळू सुलभाच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून उषाताईंनी भाजी खाली ठेवली. "नाही हं, सुलू," त्या म्हणाल्या. "नाही. काय ते मला आधी सांग."

पुढचा रविवार सबंध त्यात गेला. मागच्या भिंतीला काळं कापड बांधलं. सुलभाने ठेवणीतली साडी नेसली, हातात पितळी ताट घेतलं, ताटात पोह्यांच्या दोन बशा ठेवल्या, आणि मधोमध डोक्याएवढा काळ्या कागदाचा गोल. मग उषाताईंनी तिच्या डोक्याला मानेपर्यंत काळं फडकं गुंडाळलं आणि कळ दाबली. चकती पिळली नाही. दुसऱ्या वेळी सुलभा खाली बसली, गळ्यापासून पायापर्यंत काळ्या घोंगडीत, आणि सुतळीने मापून घेतलेल्या जागी तिने चेहरा धरला. शेजारच्या घरातली बाई कुंपणावरून हे सगळं पाहत होती. तिने शेवटी गुजरातीत तब्येतीची चौकशी केलीच, "बेन, तबियत सारी छे ने?"

"एकदम सारी!" घोंगडीतून आवाज आला.

फोटो असा निघाला. पाहुण्यांसमोर मुलगी ताट घेऊन उभी आहे, पदर अगदी सारखा, बांगड्या जागच्या जागी, आणि खांद्यांवर काहीच नाही. डोकं ताटात. पोह्यांच्या दोन बशांच्या मधे, चष्मा लावलेलं, नीट भांग पाडलेलं, थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाहणारं.

तिने नीट फोटोही काढला होता. दोन्ही घेऊन ती पोस्टात गेली, तोवर तिचा विचार नीट फोटोच पाठवायचा होता. पाकिटात घालताना मात्र हाताने आपलं आपण ठरवलं. पाकीट खिडकीतून आत सरकवलं तेव्हा तिच्या कानांत वारं भरल्यासारखं झालं होतं.

"बेन, अंदर फोटो छे?" पोस्टातल्या कारकुनाने विचारलं. "वळवा नहीं दऊं." आणि फोटो दुमडू नये म्हणून त्याने हलक्या हाताने शिक्का मारला. सुलभा बाहेर आली ती जवळजवळ पळतच. चर्चपर्यंत पोचल्यावर तिला आपण काय केलं ते कळलं आणि ती भर रस्त्यात एकटीच हसली.

तिचा हिशेब असा, की दादा फोटो पाहील, चिडेल, चार ओळींचं पत्र लिहील आणि स्थळ तिथेच संपेल. पण दादा नेमका कापड आणायला बेळगावला गेला होता. सुनंदावहिनीने पाकिटावर 'फोटो' लिहिलेलं पाहिलं, नवऱ्याने बजावून ठेवल्याप्रमाणे न उघडता त्यावर तेंडोलकरांचा पत्ता घातला आणि पाकीट पुढे धाडून दिलं.

बारा दिवसांनी सुलभाला एक पत्र आलं. अक्षर अनोळखी, सरळ, छापल्यासारखं.

'कु. सुलभा सामंत यांस, स. न. वि. वि. थेट पत्र लिहितो आहे याबद्दल क्षमस्व. फोटो पोचला. आईने पाहिला आणि ती देवघरात जाऊन बसली आहे. मी तो तीन दिवस पाहतो आहे. एक शंका आहे. ताटाच्या कडेवर उजेड उजवीकडून आला आहे, पण चष्म्याच्या काचेत तो डावीकडून आहे. शिवाय डोक्याची ताटात सावली पडलेली नाही. नकाशात आम्ही टेकडीवर ऊन वायव्येकडून पडतं असं धरतो, आणि एका टेकडीला जरी ते दुसरीकडून दिलं तरी ती टेकडी खड्डा दिसते. म्हणून नजरेला खटकलं. हे कसं केलंत ते कळवाल का? आपला, सुधाकर तेंडोलकर.'

सुलभाने पत्र वाचलं आणि तिचे कान तापले. "बघा, बघा उषाताई! चूक काढतोय! माझ्या फोटोत चूक काढतोय!"

"बरोबर आहे की चूक?" उषाताई म्हणाल्या.

सुलभाने फोटोची आपली प्रत आणून उजेडात धरली. चष्म्याच्या काचेत डावीकडे लखलखीत एक ठिपका. दुसऱ्या फोटोच्या वेळी त्यांनी ऊन टाकायला धरलेला आरसा पलीकडच्या बाजूला नेला होता! तिने फोटो खाली ठेवला. पाच घरांनी तिचे फोटो पाहिले होते. कुणाला वर्ण दिसला, कुणाला उंची. फोटो पाहिला होता तो या एकानेच.

"चूक आहे," ती म्हणाली, आणि तिला भलताच आनंद झाला.

त्याच संध्याकाळी तिने चार पानी उत्तर लिहिलं, आकृत्या काढून. त्याचं उत्तर आलं पाच पानी. मग तिने सावलीसह दुरुस्त केलेला फोटो पाठवला. त्याने लिहिलं, सावली उत्तम, पण मागचं काळं पुरतं काळं नाही, राखेसारखं दिसतं. ते का? तिला ते का, हे ठाऊक नव्हतं. तीही महिनाभर त्याच राखेशी झगडत होती. पत्रांत लग्नाचा शब्द कुणीच काढला नाही. उषाताई मात्र पोस्टमन दिसला की आता स्वतःच फाटकापर्यंत जायच्या.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुधाकर मुलगी पाहायला आला. बरोबर नारायण. दादाला फोटोचा पत्ताच नव्हता. मुलाकडून होकारासारखं काही तरी आलंय एवढंच त्याला कळलं होतं, आणि तो बोटीने मुंबईला येऊन, नवा काळा कोट घालून, खुशीत निघाला होता. वापीच्या गाडीत सुधाकरने सहज खिशातून फोटो काढून दाखवला. त्यानंतर सिल्वासापर्यंत दादा एक अक्षर बोलला नव्हता.

तो दारातून आत आला तो थेट बहिणीसमोर. "ह्यां काय गो, सुले? लोकांची चेडवां फोटोत पदर सारखो करतत, नि तू डोक्यां काढून ताटात ठेवलंस?"

"दादा, आधी पाणी तरी पी."

"पाणी नको माका!"

त्याच्या मागे सुधाकर उभा होता. किडकिडीत, उंच, कानामागे पेन्सिलीचा डाग. त्याने नमस्कार केला आणि नजर सुलभावर न थांबता तिच्या पाठीमागच्या भिंतीवर गेली. तिथे अजून ते काळं कापड टांगलेलं होतं. "हेच का ते?" त्याने विचारलं.

"हेच," सुलभा म्हणाली. "कितीही करा, राख ती राखच."

उषाताईंनी पोहे आणले. कुणी हात लावला नाही. सुधाकर कापडाजवळ जाऊन ते डोळ्यांना लावून पाहत होता, सुलभा त्याला उन्हाची दिशा सांगत होती, आणि दादा खुर्चीत फुगून बसला होता. पण किती वेळ बसणार? पंचवीस वर्षं कापड विकलेला माणूस. समोर दोन शिकलेली माणसं एका कापडाविषयी तोंडाला येईल ते बोलतायत, हे त्याला सोसवेना.

"अहो, त्याला चमक आहे!" तो एकदम ओरडला. "मांजरपाट रंगवून खळ दिलेलं कापड ते. त्याच्यावर उजेड पडला की परत उडणारच. तुम्हाला बनात पाहिजे, लोकरीची बनात!" तो उठला, कापडाचा कोपरा दोन बोटांत चुरगळला, तोंड वाईट केलं. "ता कापड कोणी दिल्यान तुका? फसवल्यान." मग स्वतःच्या कोटाची बाही त्याने सुधाकरच्या नाकासमोर धरली. "ही बघा. लोकर. उजेड गिळते. पडला की गेला."

सुधाकरने बाही पाहिली. सुलभाने पाहिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग दोघंही दादाच्या कोटाकडे अशा नजरेने बघायला लागली, की दादाने नकळत गुंड्या धरल्या.

"दादा, पाचच मिनिटं."

"नवीन आसा तो!"

"घडी पडू देणार नाही मी," सुधाकर म्हणाला. "आणि या वेळी डोकं माझं ठेवू. मुलगी नीट पाहिली, मुलगाही नीट पाहायला नको का?"

दादाने कोट काढला. स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवला, कारण दुसऱ्या कुणाला कापड धरता येत नाही असं त्याचं मत होतं. शिवण मधे येते म्हणून त्याने तो उलटसुलट चार वेळा लावला. सुधाकरला घोंगडीत गुंडाळलं, त्याचं डोकं ताटात बसवलं, एकीकडे पोहे, एकीकडे लिंबाची फोड. उषाताईंनी कळ दाबली.

"मिशीवर पोह्याचा दाणा ठेवा," दादा म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. तो गोरामोरा झाला. "म्हणजे... खरं वाटेल."

त्यानंतर दादाला आवरणं कठीण झालं. भिंगाची अर्धी बाजू झाकून एकच माणूस दोनदा काढता येतो हे सुधाकरने त्याला समजावून सांगितलं, तेव्हा दादा लगेच टेबलाच्या एका बाजूला दुकानदार होऊन बसला आणि दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक होऊन. गिऱ्हाईक कापडाला नावं ठेवत होतं, दुकानदार कपाळावर हात मारत होता. नुसते चेहरे करून त्याचं भागेना. समोर रिकामी खुर्ची असताना तो तिच्याशी मोठमोठ्याने भांडत होता, आणि उठून पलीकडे बसल्यावर मघाच्या भांडणाला उत्तरं देत होता. कुंपणापलीकडे आता शेजारच्या चार बाया उभ्या होत्या. पोहे कधीच संपले होते. कुणी खाल्ले ते कुणालाच आठवेना.

संध्याकाळ व्हायला लागली तशी सुलभा म्हणाली, "आता नदी. उजेड असा कमी झाल्यावरच ते जमतं." तिच्या मनात एक फोटो महिनाभर होता, पण त्याला दोन माणसं लागत होती आणि कळ दाबायला तिसरं. भिंगाचं छिद्र अगदी बारीक करून कळ पंधरा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायची. तेवढ्यात पाणी इतकं हलतं, की फोटोत ते पाणी राहतच नाही, ढग होतं. त्या ढगावर दोन खुर्च्या, खुर्च्यांवर दोन माणसं चहा पीत बसलेली. अट एकच. पंधरा आकडे होईपर्यंत माणसांनी हलायचं नाही. पापणीसुद्धा नाही.

दादाने दोन खुर्च्या डोक्यावर घेतल्या आणि वाटेत भेटेल त्याला "फोटो, फोटो" असं सांगत तो पुढे निघाला. चर्चच्या खालच्या उतारावरून ते दमणगंगेच्या पात्रात उतरले. पाणी खडकांवरून घोट्याएवढं खळखळत होतं. सूर्य डोंगराआड गेला होता, आणि सगळीकडे तो सावली नसलेला राखी उजेड होता. खुर्च्या पाण्यात रोवल्या. दोघं बसली. हातात कपबश्या, पायांवरून गार पाणी. काठावर उषाताई कॅमेऱ्यापाशी ओणवल्या, आणि दादा खडकावर उभा.

"तयार?" उषाताई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. "एक. दोन. तीन."

सुलभा कपाकडे पाहत राहिली. श्वास अर्धवट धरलेला.

"चार."

"सिल्वासात," सुधाकर ओठ न हलवता, पोटातून बोलल्यासारखा म्हणाला, "मोजणीची दोन पदं रिकामी आहेत."

"पाच."

सुलभाचा कप बशीवर अगदी बारीक वाजला.

"मुंबईतल्या माझ्या खोलीला तीन खिडक्या," पोटातला आवाज पुढे म्हणाला. "अंधार करायला काहीच सोय नाही. म्हणून म्हटलं मीच इकडे..."

"सहा. सात. कोण बोलतंय? आठ."

"...अर्ज करू का?"

सुलभाला उत्तर देता येईना. हललं तर फोटो जाणार. महिनाभर डोक्यात धरलेला फोटो! तिने दात आवळले. नाकपुड्या फुलल्या. पोटातून काही तरी वर यायला लागलं, ते तिने नवाला दाबलं, दहाला दाबलं. अकराला उषाताई "अ..." एवढंच म्हणाल्या आणि ते फुटलं. ती हसली ती अशी, की चहा नदीत सांडला, खुर्ची कलली, सुधाकरने तिला सावरायला हात पुढे केला आणि त्याचीच खुर्ची उलटली. तो ढगात बसला, कमरेपर्यंत.

"हललात!" उषाताई ओरडल्या. "दोघंही हललात! पंधरा, संपलं!"

"करा," सुलभा हसता हसता म्हणत होती. "करा अर्ज. करा, करा, करा."

"काय ठरलां काय?" दादा खडकावरून ओरडला. पाण्याच्या आवाजात त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

फोटो गेला असंच सगळे धरून चालले होते. तरी घरी येऊन सुलभाने फिल्म धुतली, दाराशी पंख्याने वाळवली आणि कागद रसायनात सोडला, तेव्हा चौघंही त्या कोठीत शिरले होते. सुधाकर दादाच्या धोतरात, कारण त्याचे कपडे पिळून वाळत घातले होते. लाल उजेडात चौघांची डोकी ताटलीवर. आधी ढग आला. पांढरा, दाट, खुर्च्यांच्या पायांभोवती गुंडाळलेला. मग सुधाकर, अर्धा पारदर्शक, त्याच्या छातीतून पलीकडचा खडक दिसत होता. आणि मग सुलभा. तिला दोन चेहरे होते. एक समोर, ओठ घट्ट मिटलेला, आणि त्यातूनच बाजूला वळलेला दुसरा, डोकं मागे टाकून हसणारा. दोन्ही इतके स्पष्ट, की ठरवून केलं असतं तर जमलं नसतं.

सुधाकरने वाकून बराच वेळ पाहिलं.

"यात काही चूक?" सुलभाने विचारलं.

"मला दिसत नाही," तो म्हणाला.

"माका घुसमटता," दादा म्हणाला. "मी दार उघडतंय."

"नको!" तिघंही एकदम ओरडली. उषाताईंनी दाराला पाठ लावली, दादाचा पाय हायपोच्या ताटलीत पडला, सुधाकरने धोतर सावरताना टॉर्च विझवला, आणि त्या काळोखात सुलभा फोटोवर दोन्ही हात पसरून उभी राहिली. आपण कुणाला धरलंय आणि कोण आपल्याला धरून हसतंय हे तिला कळत नव्हतं.

लग्न मे महिन्यात कुडाळला झालं. सुधाकरची आई देवघरातून बाहेर आली ती कापडाच्या दुकानात लावलेला दोन नारायणांचा फोटो पाहिल्यावर. तो पाहून तिने डोळ्यांना पदर लावला आणि अशी काही हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. बदलीचा अर्ज मात्र दीड वर्ष फिरत राहिला. तेवढ्या काळात सुधाकर दर दुसऱ्या शनिवारी वापीला उतरायचा, मिळेल त्या बसने किंवा ट्रकने सिल्वासाला यायचा, आणि उषाताई फाटकातूनच त्याला विचारायच्या, आज कुणाला कशात घालायचं.